नवी परजीवी गांधीलमाशी सापडली म्हणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर एक धूसर फोटो येतो. मध्यभागी काळा ठिपका आणि खाली एक ओळ: 'मॅडम, नवीन आहे का?' गगनबावड्याहून, आजऱ्याहून, कधी रंकाळ्यावर फिरायला आलेल्या एखाद्या काकांकडून. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एका शब्दाचा खुलासा आधीच करते. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हणत. वर्तमानपत्रांनी स्पीशीजलाच प्रजाती करून टाकलं आणि आता तेच रुळलंय. मीही इथे स्पीशीजला प्रजाती म्हणते, जीनसला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) जीनसच.

प्र. १. परजीवी गांधीलमाशी म्हणजे छपराच्या वाशाला घर करते तीच का?

नात्यातली आहे, पण तऱ्हा वेगळी. वाशाला लटकणारी गांधीलमाशी अळ्या मारून घरी पिलांना भरवते. परजीवी माशी घर बांधायच्या भानगडीतच पडत नाही. ती दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत नाहीतर कोषात आपलं अंडं सोडते. तिची अळी त्या यजमानाला आतून खात वाढते आणि शेवटी यजमान मरतो. उवा-गोचिडांशी फरक इथेच आहे. त्यांना यजमान जिवंत हवा असतो. कोबीवरच्या किंवा मिरचीवरच्या एखाद्या मरगळलेल्या अळीला चिकटलेला पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या कोषांचा पुंजका कधी पाहिला असेल. लोक त्याला 'अळीची अंडी' समजून चिरडतात. अळी अंडी घालतच नाही! ते या माशीचे कोष असतात. तेवढं एक करू नका.

प्र. २. चावते का? घरात लहान मूल आहे.

आपण इथे बोलतोय त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या माश्यांची अंडी घालायची सुई आपल्या कातडीत शिरण्याजोगी नसते. अपवाद दोन. रात्री दिव्यावर येणाऱ्या लांब पायांच्या, पिवळट तांबूस मोठ्या परजीवी माश्या हातात धरल्या तर टोचतात. दुसरी म्हणजे भुंग्यानं पोखरलेल्या लाकडी पलंगातून किंवा कपाटातून निघणारी मुंगीसारखी बारीक माशी. तीही डंख मारते आणि अंगावर लाल गांधी उठतात. त्यावर उपाय पलंगातला भुंगा घालवणं हाच. भुंगा गेला की तीही जाते.

प्र. ३. बारीक बारीक म्हणजे किती बारीक?

खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा. उसाच्या शेतात खोडकिड्याविरुद्ध ट्रायकोकार्डातून (परजीवी माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या कार्डातून) सोडतात ती ट्रायकोग्रामा त्याच्या निम्मी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून १९९७ साली वर्णन झालेल्या डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस या माशीचा नर फक्त ०.१३९ मिलिमीटरचा आहे. त्याला पंख नाहीत, डोळेही नाहीत. आजवर माहीत असलेला हा सगळ्यात लहान प्रौढ कीटक. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात तो एका पेशीचा पॅरामेशियम याच्याहून मोठा असतो.

प्र. ४. फोटो पाठवते, त्यावरून नवीन आहे की नाही सांगाल का?

नाही. कुळ सांगता येईल, नशीब असेल तर जीनस. ज्या खुणांवरून प्रजाती ठरते त्या फोटोत नसतात (पाहा प्र. ९). मी 'माहीत नाही' म्हटलं की बरेच जण 'म्हणजे नवीनच!' असा अर्थ काढतात. मला ओळखता न येणं आणि जगात कुणीच न ओळखणं यात पंचगंगेपासून प्रयागपर्यंतचं अंतर आहे.

प्र. ५. आपल्या कोल्हापूरच्या आसपास नवीन काही मिळेल का? की त्यासाठी ॲमेझॉनला जावं लागतं?

मिळेल. अगदी घराच्या मागेही. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे पुरतं उष्ण कटिबंधात. पश्चिमेला तासा-दीड तासावर सह्याद्रीचा कडा. राधानगरी अभयारण्य तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. परजीवी माश्यांच्या नुसत्या कॅल्सिड या एका गटात सुमारे साडेबावीस हजार प्रजातींना नावं मिळाली आहेत आणि प्रत्यक्षात त्या पाच लाखांपर्यंत असाव्यात असा अंदाज आहे. त्यामुळे बिननावाची माशी सापडणं हे उंबराचं फूल नव्हे.

उंबरावरून आठवलं. दत्ताच्या देवळापाशी पडलेलं एखादं पिकलेलं उंबर फोडून बघा. आत जी बारीक काळी माशी असते तिच्यामुळे उंबराचं परागीभवन होतं. पण नीट बघितलं तर शेपटीला केसासारखी लांब सुई असलेल्या दुसऱ्या माश्याही दिसतील. त्या बाहेर बसून कच्च्या उंबराच्या सालीतून सुई आत घालतात. शिवाय आतच जन्मून आतच मरणारे बिनपंखी नर असतात. एका फळात एवढा कारभार! सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की ओढ्याकाठचं गवत, देवराया, बांधावरची झुडपं इथे या माश्या सगळ्यात जास्त असतात.

प्र. ६. पकडायची कशी आणि ठेवायची कशी?

सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे महाद्वार रोडवर मिळणारी पिवळी प्लॅस्टिकची ताटली. गवतात जमिनीलगत ठेवायची, बोटभर पाणी घालायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि माशी बुडते. चोवीस तासांच्या आत उचलायची. गाळायला चहाची गाळणी चालत नाही, परीमाश्या (प्र. ३ मधल्या इवल्या नराचं कुळ) तिच्या भोकांतून आरामात निसटतात. मलमलचं कापड घ्या. मग पंचाण्णव टक्के अल्कोहोलात. ते सहज मिळत नाही, परवाना लागतो, म्हणून जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारा. तोवर डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं तरी चालतं. घरच्यांना सांगून ठेवा मात्र.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे अळी, अंडी किंवा कोष पानासकट आणून बरणीत ठेवायचा आणि माशी बाहेर पडायची वाट बघायची. म्हणजे माशीबरोबर तिचा यजमानही कळतो. यजमानाची रिकामी कात फेकू नका, तीही त्याच नमुन्याचा भाग.

आणि चिठ्ठी. गाव, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, कशावर सापडली, कुणी पकडली. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेली. माझ्या पहिल्या वर्षाच्या बावीस बाटल्यांत मी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर उघडल्या तर अल्कोहोल छान निळं झालेलं आणि कागद कोरे. माश्या आजही आहेत, कुठल्या ते देवाला ठाऊक.

प्र. ७. परवानगी लागते का?

स्वतःच्या शेतात, परसात नाही. राखीव जंगलात वनविभागाची लागते. अभयारण्यात, म्हणजे राधानगरी-दाजीपूरला, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. एक मुंगी उचलायची असली तरी. 'मॅडम, एवढीशी माशी, कोण बघतंय?' असं म्हणू नका. कुठे आणि कधी पकडली ते चिठ्ठीवर असतं, तेच पुढे शोधनिबंधात छापलं जातं, आणि ते सगळं जग बघतं. नमुना परदेशात पाठवायचा म्हटलं की जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. ते आधी विचारून घ्या, पार्सल केल्यावर नको.

प्र. ८. पकडली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. मग नवीन म्हणायला दोन-तीन वर्षं कशी काय लागतात?

हा प्रश्न थोडा वैतागूनच विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते. नवीन माशी सापडायला एक दुपार पुरते. ती जुनी नाही हे दाखवायला वर्षं जातात.

आधी कुळ, मग जीनस ठरवायचा. मग त्या जीनसमधल्या जगातल्या नाव मिळालेल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन मिळवायचं. एखादं जर्मनमध्ये, एखादं रशियनमध्ये, एखादं चार ओळींचं. ऑस्ट्रेलियात आलेक्सांद्र आर्सेन जिरो (१८८४ ते १९४१) नावाच्या माणसानं तीन हजारांवर प्रजातींना नावं दिली. छापायला कुणी तयार होईना तेव्हा स्वतःच्या पैशानं पत्रकं छापली. वर्णनं इतकी त्रोटक की त्यांवरून माशी ओळखणं अवघड. मग ब्रिस्बेनच्या संग्रहालयातल्या त्याच्या जुन्या काचपट्ट्या बघितल्याशिवाय निकाल लागत नाही. आणि तुमची माशी त्यातलीच निघाली तर? तर चहा प्यायचा आणि पुढची बाटली उघडायची.

दुसरी अडचण अशी की माश्या फसवतात. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस या प्रजातीचा नर पतंगाच्या अंड्यातून निघाला तर पंखवाला आणि अल्डरमाशीच्या (पाण्याकाठच्या एका कीटकाच्या) अंड्यातून निघाला तर बिनपंखी. दोन नर शेजारी ठेवले तर कुणीही शपथेवर दोन प्रजाती सांगेल. मोठ्या अंड्यातून मोठी माशी, लहानातून लहान, हेही नेहमीचंच. म्हणून एका नमुन्यावर जीव टाकू नये (पाहा प्र. १४).

आपल्या उसाचंच उदाहरण घ्या. भारतातल्या जुन्या लिखाणात उसावरच्या खोडकिड्याच्या अंड्यांतली माशी 'ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम' म्हणून सापडेल. रंग आणि मिशांवरून या माश्या ओळखायच्या प्रयत्नात जगभर घोळ झाला होता. बंगळूरला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९६८ आणि १९७१ साली दाखवून दिलं की खरी ओळख नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत आहे. तो भाग एका माशीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आज त्याच उसावरच्या माशीला आपण ट्रायकोग्रामा चिलोनिस म्हणतो.

प्र. ९. वर्णनात नेमकं लिहितात तरी काय?

मिशांना (शास्त्रीय मराठीत शृंगिका) किती खंड, कुठला खंड रुंदीच्या किती पट लांब. पंखावरचे केस ओळीनं की विखुरलेले, कडेची झालर पंखाच्या रुंदीच्या तुलनेत किती. पाठीचा पृष्ठभाग जाळीदार, रेघांचा की गुळगुळीत. सुईची लांबी मागच्या पायाच्या नळीच्या मानानं किती. रंग लिहितात, पण त्यावर फार विसंबत नाहीत कारण अल्कोहोलात तो उतरतो. या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद असतो तो 'जवळच्या प्रजातींहून ही वेगळी कशी' हा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीलाही वेगळेपण शब्दांत सांगितलेलं लागतं, नुसतं चित्र चालत नाही.

हे बघण्यासाठी माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करायची, धुवायची, लवंगतेलात ठेवायची आणि कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाच्या थेंबात काचपट्टीवर पालथी मांडायची. हत्यार म्हणजे काडेपेटीच्या काडीला खोचलेली सगळ्यात बारीक टाचणी. पंख सुटे करून बाजूला पसरायचे, मिशा सरळ करायच्या. पंखा बंद. श्वासही मान वळवून सोडायचा. एकदा नेमकी शिंक आली आणि होलोटाइप (पाहा प्र. १०) होऊ घातलेली मादी टेबलावरून गेली. मी आणि माझी विद्यार्थिनी टॉर्च घेऊन तासभर फरशीवर रांगत होतो. राजगिऱ्याचे तीन दाणे मिळाले.

प्र. १०. होलोटाइप म्हणजे काय आणि तो माझ्याकडे राहील का?

ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलं जातं तो होलोटाइप. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तर तोच बघतात. नियमानुसार १९९९ नंतर नव्या प्रजातीचा आधार-नमुना कोणता हे निबंधात स्पष्ट सांगावं लागतं आणि होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहावं लागतं. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या संग्रहाकडे सोपवणं बंधनकारक केलंय. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था (स्थापना १९१६, मुख्यालय कोलकाता, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला) किंवा बंगळूरचं कृषी कीटकांचं राष्ट्रीय केंद्र ही त्यासाठीची ठिकाणं. घरच्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यातली बुरशी आणि डांबराच्या गोळ्यांना न जुमानणारे किडे होलोटाइप ओळखत नाहीत.

प्र. ११. वर्णन मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल! प्राण्यांच्या नामकरणाची नियमावली भाषेची सक्ती करत नाही. नाव तेवढं रोमन लिपीत हवं. जगात जास्त वाचल्या जाणाऱ्या भाषेत लिहावं अशी शिफारस आहे, सक्ती नाही. वनस्पतीवाल्यांना २०११ संपेपर्यंत लॅटिनच लागे. आता लॅटिन किंवा इंग्रजी. तरी व्यवहाराचा सल्ला असा की मूळ वर्णन इंग्रजीत द्या आणि सोबत मराठी सारांश जोडा. जिरोच्या पत्रकांसारखी गत नको.

प्र. १२. आईचं, अंबाबाईचं, कोल्हापूरचं नाव देता येईल का? स्वतःचं?

तिन्ही देता येतील. गावाच्या नावाला बहुधा 'एन्सिस' लागतं. माणसाच्या नावाला लॅटिन षष्ठी लागते आणि तिथे स्त्री की पुरुष हे सांगावं लागतं. किरणकाकांच्या नावानं ठेवलं तर शेवटी 'आय', किरणमावशीच्या नावानं ठेवलं तर 'एई'. यात चुकलात तर मावशीचा काका होतो. विशेषण वापरलं तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तेच नाव त्या जीनसमध्ये आधी वापरलेलं नको. दुसऱ्या जीनसमध्ये असलं तर हरकत नाही.

स्वतःचं नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण लोक हसतात. कुणाला टोमणा मारायलाही नाव वापरू नये. जिरोनं ते केलं होतं. एका वरिष्ठावर राग काढायला त्यानं १९२० साली शिलिंग्सवर्थिया शिलिंग्सवर्थी नावाची, अस्तित्वातच नसलेली माशी वर्णिली. चांगल्या मूडमध्ये असला की मात्र मोझार्टेला बीथोवेनी असंही नाव ठेवायचा. हे मला आवडतं.

प्र. १३. निबंध यायच्या आधी पेपरात बातमी दिली तर बिघडलं कुठे?

माशी सापडल्याची बातमी द्या, नाव देऊ नका. वर्णन आणि होलोटाइप नसलेलं नाव नियमाच्या दृष्टीनं उघडं पडतं, त्याला काही किंमत राहत नाही. व्हॉट्सॲपवरची घोषणा तर प्रकाशन धरलीच जात नाही. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात निबंध देणार असाल तर तो झूबँक या नोंदवहीत आधी नोंदलेला हवा, हा नियम २०१२ पासून आहे.

प्र. १४. एकच नमुना आहे, तोही नर. चालेल?

नियमानं चालतं. मी करत नाही. या माश्यांत नर-मादी इतके वेगळे असतात की दोघांना दोन नावं दिल्याची उदाहरणं आहेत. प्र. ३ मधल्या आंधळ्या नराची मादी पंखवाली असते. उलटही होतं. काही ट्रायकोग्रामांत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे मादीच मादीला जन्म देते, नर निघतच नाही, आणि ओळख तर नरावरून (पाहा प्र. ८). अशा वेळी काहींना प्रतिजैविक घातलेला मध पाजून नर मिळवता येतात. पुन्हा त्याच जागी ताटली लावा, शक्यतो दुसऱ्या हंगामातही.

प्र. १५. डीएनए तपासला की सगळं मिटत नाही का?

मदत होते, मिटत नाही. बारकोडसाठी ६५८ अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचतात. दिसायला सारख्या दोन प्रजाती त्यानं सुट्या होतात, नर-मादीची जोडी लावता येते. पण तुलना करायला आधीच्या प्रजातींचे बारकोड हवेत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बाल्सममधल्या माशीतून ते मिळणं कठीण. वोल्बाकिया इथेही घोळ घालतो. २०२१ साली कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड या परजीवी माश्यांच्या कुळातल्या चारशेहून जास्त प्रजातींची वर्णनं एकाच निबंधात मुख्यतः बारकोडवर आली, तेव्हा तज्ज्ञांत चांगलीच जुंपली. माझं मत विचाराल तर बारकोड द्यावा, पण पुढच्या माणसाला साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता आली पाहिजे.

प्र. १६. नाव दिल्यावर कळलं की आधीच कुणी दिलंय. मग?

जुनं नाव टिकतं, तुमचं त्याचा पर्याय म्हणून नोंदलं जातं. लाज वाटायचं कारण नाही.

प्र. १७. एवढा खटाटोप करून शेतकऱ्याला काय मिळतं?

पपईचा पिठ्या ढेकूण आठवतो? २००८ साली कोइमतूरला दिसला आणि मग बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. २०१० साली पोर्टो रिकोहून तीन परजीवी माश्या मागवल्या, त्यांत अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही एक. तिनं ढेकूण आटोक्यात आणला. या माशीला नाव मिळालं ते २००३ साली. त्याआधी ती नव्हती असं नाही, पण मागवायची तर पत्रात काय लिहिणार? 'ती बारीक पिवळी पाठवा'?

चुकीच्या नावाची किंमत आफ्रिकेनं मोजली. कसाव्यावरच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या पिकावरच्या) पिठ्या ढेकणाचा शत्रू शोधताना आधी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला दिसायला तसाच, पण दुसऱ्याच प्रजातीचा ढेकूण हाती लागला. त्याच्या माश्या आफ्रिकेत उपयोगी पडेनात. खरा ढेकूण १९८१ साली पॅराग्वेत सापडला आणि त्याच्यावरच्या माशीनं काम केलं.

प्र. १८. यात पैसे मिळतात का?

नाही. उलट छापायचे पैसे मागणाऱ्या संशयास्पद नियतकालिकांपासून सांभाळा. फुकट छापणारी चांगली नियतकालिकं आहेत.

प्र. १९. मुलगा आठवीत आहे, त्याला नाद लागलाय. सुरुवात कशानं करू?

कढीपत्त्यावरची हिरवी अळी कोषात गेली की फांदीसकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा. बहुतेक वेळा फुलपाखरू निघेल. कधीतरी कोष काळपट पडेल, त्याला टाचणीएवढं भोक पडेल आणि सकाळी बरणीत चकचकीत हिरव्या माश्यांचा थवा असेल. मूल रडलं तर रडू द्या, फुलपाखराचं वाईट वाटणारच. मग माश्या मोजायला लावा आणि चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घ्या. पेन्सिलीनं.